कंदील नक्की कोणी केला?

सहामाही परीक्षा संपत आली की शाळेतून एक चिठ्ठी येते. हल्ली ती व्हॉट्सॲपवर येते, मजकूर मात्र वर्षानुवर्षं तोच. 'टाकाऊ वस्तूंपासून आकाशकंदील तयार करून आणणे. सोमवारी प्रदर्शन. उत्कृष्ट कंदिलास बक्षीस.' खाली साहित्याची यादी. यंदा माझ्या मुलाच्या शाळेची यादी आमच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचली गेली आणि तिच्यावरून माझी आई आणि माझा मावसभाऊ यांची जुंपली.

आई महापालिकेच्या शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवून निवृत्त झाली. मावसभाऊ सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरण शेडवर देखरेखीचं काम करतो. आपण घंटागाडीत टाकून विसरतो ते सगळं दुसऱ्या दिवशी त्याच्या समोरून जातं. माझे हात चकलीच्या भाजणीत होते, त्यामुळे मी मध्ये फारशी पडले नाही. मुलगा ओट्याखाली बसून वर्तमानपत्र फाडत होता. त्या दोघांचं बोलणं जसं आठवतं तसं देते. अधूनमधून मला राहवलं नाही तर माझं तोंड घालीन.

भाचा: मावशी, ऐक ही यादी. कागदी पेले, पन्नासचं पाकीट. आइस्क्रीमच्या काड्या, शंभर. चमकी, तीन रंगांत. ग्लू गनच्या कांड्या. सोनेरी लेस, दोन मीटर. आता सांग, यातलं काय घरात टाकून द्यायला निघालं होतं?

मावशी: आइस्क्रीमच्या काड्या.

भाचा: शंभर? तेवढं आइस्क्रीम खाल्लं तर पोराचा घसा पाडव्यापर्यंत बसेल. अगं, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्यानं यादीबरहुकूम पिशव्याच भरून ठेवल्यात. कचरा विकत आणायचा, त्याचा कंदील करायचा आणि तुळशीच्या लग्नानंतर माझ्याकडे पाठवायचा! ते कागदी पेले तरी नुसते कागदाचे असतात का? आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. कागदवाला ते घेत नाही.

मावशी: यादी चुकलीय, हे मला पहिल्याच ओळीला कळलं. पण यादी चुकली म्हणून काम चुकलं असं होत नाही. यादी द्यायचीच नाही, असा माझा शिरस्ता होता. माझ्या वर्गात यादी देऊन उपयोगही नव्हता. कुणाचा बाप हातगाडी ओढणारा, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी, ते चमकीला पैसे कुठून आणणार? मी म्हणायचे, घरात असेल ते घेऊन या. एकीनं करवंट्या आणल्या, एकानं रिक्षाच्या सीटचं फाटकं रेक्झिन आणलं. एक तर नुसती सुतळी घेऊन आला आणि दुसऱ्यांचे कंदील बांधून द्यायला लागला. वर्गात त्याचा भाव सगळ्यांत जास्त.

भाचा: ती गरज होती, मावशी. आता गरज नाही आणि आपण गरजेचं नाटक करतोय. नाटकालाही माझी हरकत नाही. माझं दुखणं वेगळं आहे. पुठ्ठ्याचा एक खोका घे. कोरडा, स्वच्छ खोका म्हणजे आमच्या शेडवरचा हमखास खपणारा माल. त्याला भाव आहे, गिऱ्हाईक आहे. गिरणीत त्याचा लगदा होतो, लगद्याचा परत पुठ्ठा. असा तो पाच-सात वेळा फिरतो. तो निवडणारी, चपटा करून गठ्ठा बांधणारी बाई त्यावर घर चालवते. तुम्ही त्याला काय करता? ॲक्रिलिक रंग फासता, गरम गोंदानं प्लॅस्टिकचे मणी डकवता, वर मूठभर चमकी. माझ्याकडे येतो तेव्हा तो ना पुठ्ठा असतो ना प्लॅस्टिक. गिरणीवाला हात लावत नाही. ज्याचं परत काहीतरी होणारच होतं, ते तुम्ही कायमचं बाद केलंत, आणि त्यालाच पहिलं बक्षीस!

(पुण्यात राहणाऱ्यांना हा मुद्दा अगदी अनोळखी नसावा. इथे कचरावेचकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम महापालिकेशी करार करून तिच्याकडे आलं. संघटनेच्या नावातच माल मोजून दिलाय. त्यातली प्रत्येक वस्तू विकली जाते, म्हणून ती त्या नावात आहे. आपल्याला जो पुठ्ठा टाकाऊ वाटतो तो कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला असतो, हे शाळेच्या चिठ्ठीत कधी येत नाही.)

मावशी: बरं. आमच्या एका इमारतीत दिवाळीच्या आठवड्यात खोक्यांचा ढीग लिफ्टच्या दारापर्यंत येतो. त्यातला एक पोरानं घेतला तर त्या बाईचं काय बुडालं?

भाचा: काही नाही. एका खोक्यानं काही बुडत नाही.

मावशी: मग झालं तर.

भाचा: मग एका खोक्यानं पृथ्वीही वाचत नाही. नुकसान मोजताना एक खोका म्हणजे किरकोळ, आणि प्रदर्शनाच्या फलकावर मात्र 'वसुंधरेचे रक्षक' म्हणून सहावी ब चा फोटो! दोन्हीकडे एकच माप लावा ना.

आई यावर जरा वेळ गप्प राहिली. पस्तीस मिनिटांच्या तासाला वर्ग गप्प करायची सवय असलेल्या बाईला असं गप्प बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. मग तिनं डब्यातली एक चकली मोडून त्याच्या हातावर ठेवली आणि सुरू केलं.

मावशी: ठीक आहे. फलक काढून टाकूया. पोरांनी कंदील केल्यानं गावचा कचरा तोळाभरही कमी होत नाही, मान्य. मी वर्गात तसं कधी सांगितलंही नाही. पण फलक काढल्यावर जे उरतं ते माझं, त्याला हात लावू नकोस. शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे सहावीत येणारी मुलं, चांगली तरतरीत मुलं हं, त्यांना सुतळीला गाठ मारता यायची नाही. वर्तुळ कापताना कात्री फिरवायची नसते, कागद फिरवायचा असतो, हे माहीत नसायचं. का? घरी कुणी कापायलाच दिलं नाही. का दिलं नाही? वाया जाईल म्हणून. विकतचा चार्टपेपर आणला आणि पोरानं वाकडा कापला की आई ओरडते, "अरे, पैसे पडतात त्याला!" दुसऱ्या वेळी ते पोर कात्री धरतच नाही. म्हणतं, तूच काप. वर्तमानपत्राला ही भीती नाही. एक पान बिघडलं तर दुसरं आहे, तिसरं आहे. मला रद्दी लागते ती एवढ्यासाठी. ती मुलाला बिनधास्त बिघडवता येते.

भाचा: हे कारण मला पटण्यासारखं आहे. पण हे कारण कुठल्याही शाळेच्या चिठ्ठीत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

मावशी: चिठ्ठीत नसेल. अरविंद गुप्तांनी आयुष्यभर दुसरं काय केलं? आयआयटी कानपूरचा इंजिनिअर माणूस, नोकरीतून रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. तिथे आगकाडी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यानं पोरांना भूमिती शिकवली. ट्यूबचा एवढासा तुकडा, दोन्ही बाजूंनी काड्या खोचल्या की सांधा तयार. त्रिकोण दाबून बघ, हलत नाही. चौकोन दाबला की कलतो. सुतारानं दाराला तिरपी पट्टी का मारलेली असते, ते पोराला आपोआप कळतं. १९८७ साली त्यांचं काडीपेटीच्या खेळांचं पुस्तक आलं. नंतर पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून खेळण्यांचा डोंगर केला. २०१८ ला पद्मश्री मिळाली. सगळं फुकटच्या वस्तूंत.

भाचा: गुप्ता सरांना तू तुझ्या बाजूनं बोलावलंस, पण ते माझ्या बाजूनं साक्ष देतील. त्यांचं खेळणं काहीतरी करतं. फिरतं, उडतं, पाणी उपसतं. शोभेचं नाही. आणि त्यात चमकी नाही. खेळणं मोडलं तर काडी वेगळी, ट्यूब वेगळी. आमच्याकडे येणाऱ्या कंदिलांत सगळं सगळ्याला जन्माचं चिकटलेलं असतं. तुझ्या कंदिलात पोर नक्की काय शिकतं? वर मणी लावायला?

मावशी: तू कधी कामट्यांचा कंदील बांधलायस का?

भाचा: बाबांनी बांधलेला बघितलाय.

मावशी: तेच. बघितलायस.

इथून पुढे त्यांचं बोलणं थांबलं आणि काम सुरू झालं. आईनं माझ्या मुलाला ओट्याखालून बाहेर काढलं. वर्तमानपत्राचं अर्धं पान, विणकामाची एक लांब सुई. पानाच्या एका कोपऱ्यावर सुई तिरपी ठेवायची आणि घट्ट गुंडाळत जायचं. शेवटच्या कोपऱ्याला खळ लावायची आणि सुई ओढून काढायची. करंगळीहून बारीक, चांगली ताठ सुरळी होते. सैल गुंडाळली तर मध्येच वाकते. मुलाच्या पहिल्या काही वाकल्याच. त्या त्यानं लपवायला ओट्याखाली सरकवल्या, आईनं पाहूनही पाहिलं नाही.

खळ हा आईचा हट्ट. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, एकही गुठळी राहता कामा नये. मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन लापशी काचेसारखी दिसू लागली की गॅस बंद. बाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी, म्हणून मुलांच्या खळीत तो घालायचा नाही, म्हणजे ही खळ दोन-तीन दिवसांतच संपवायला हवी. मावसभावाला खळ आवडली. त्याचं कारण त्याच्या धंद्यातलं: खळ लावलेला कागद पाण्यात टाकला की सुटतो.

अशा चोवीस सुरळ्या, सगळ्या एका लांबीच्या. आता हे नीट सांगते, कारण हा आपला जुना, अंगणातला कंदील आहे आणि तो कसा उभा राहतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चार-चार सुरळ्यांचे चार चौकोन बांधायचे. ते टोकावर उभे करायचे, पतंगासारखे, आणि शेजारच्या चौकोनाशी कोपऱ्याला कोपरा बांधून चौघांचं कडं करायचं. सोळा सुरळ्या झाल्या. वरची चार टोकं चार सुरळ्यांनी जोडायची, खालची चार चारांनी. झाल्या चोवीस. बांधताना सगळं लटपटत असतं. शेवटची सुरळी बांधली की ते बरंच सावरतं. कारण बाजूनं आता आठ त्रिकोण तयार झालेले असतात. आईनं मुलाला त्यातला एक त्रिकोण दाबून बघायला सांगितलं. त्यानं दाबला, हलला नाही, म्हणून त्यानं आणखी जोरानं दाबला आणि एक सुरळी मोडली. ती बदलली.

भाचा: आलं लक्षात. तुझे गुप्ता सर तुला परत दिले.

मावशी: अजून ऐक. चार चौकोनांना एक रंग, आठ त्रिकोणांना दुसरा. वरचा चौकोन उघडा ठेवायचा, उष्णता जायला. खालचाही उघडा, तिथे झिरमिळ्या. आमच्या वेळी आत पिवळा साठचा बल्ब असायचा, कागद तापून करपायचा, कधी पेटायचासुद्धा. आता नऊ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो आणि पुष्कळ कमी तापतो. म्हणून कागदाच्या सुरळ्या चालतात, नाहीतर कामट्याच लागल्या असत्या.

भाचा: पण कामट्या का नकोत? इथेच माझा दुसरा आक्षेप. आपल्याकडे बुरूड आहेत, पिढ्यान्‌पिढ्या बांबू तासणारे. माहीमला अख्खी कंदील गल्ली आहे. कितीतरी बचत गटांच्या बायका दिवाळीच्या आधी कंदील करून विकतात, त्यांची वर्षाची कमाई त्यात असते. सगळ्यांनी घरी रद्दीतून कंदील केले तर त्यांनी कुठे जायचं? स्वावलंबन चांगलं, पण दिवाळी हा बाजारही आहे. माझा पोरगा कंदील करतो म्हणून मी बुरुडाकडे जायचं बंद केलं, हे मला बरोबर वाटत नाही.

मावशी: मग जा की बुरुडाकडे! गॅलरीत त्याचा लाव, मुलाच्या खोलीच्या खिडकीत मुलाचा लाव. दोन कंदील लावू नयेत असं कुठल्या पंचांगात लिहिलंय? आणि चार कामट्या जास्तीच्या मागून आण. बांबू कसा चिरतात ते पोराला तिथेच दिसेल. हे तुझं माझं भांडण नाहीच. तुझं भांडण प्लॅस्टिकचे छापील कंदील विकणाऱ्याशी आहे.

आईचं हे उत्तर मला जरा घाईचं वाटलं. दोन खिडक्या असलेल्या घरातच हे उत्तर चालतं. पण तिनं पुढचा प्रश्न इतक्या लगेच टाकला की तो धागा तिथेच राहिला.

मावशी: मला तू एक सांग. पुठ्ठा घेऊ नको म्हणतोस. मग काय घ्यायचं? तुझ्या शेडवर कुणालाच नको असतं असं काय येतं?

भाचा: वा, हे मला कुणी विचारत नाही. लिहून घे. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिक, वेगळं करता येत नाही, कुणी विकत घेत नाही. वेफर्सची पाकिटं, आतून चंदेरी. लग्नपत्रिका, त्या सोनेरी मुलामा आणि प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेल्या. साध्या पत्रिकेला भाव आहे, श्रीमंत पत्रिकेला नाही! फुटक्या बांगड्या. जुन्या साड्यांचे काठ आणि शिंप्याकडच्या चिंध्या. गाण्यांच्या सीड्या. गेल्या वर्षीच्या कानतुटक्या पणत्या. या वस्तूंचं तुम्ही काहीही करा, त्यांचं नशीब त्याहून वाईट होणार नाही.

मावशी: गोळ्यांची पाकिटं! ते फुगीर घुमट किती छान दिसतील उजेडात. कुठल्याच घरात त्यांचा तुटवडा नाही. माझ्या एकटीच्याच रक्तदाबाच्या गोळ्यांत तोरण होईल.

भाचा: आधी साबणानं धुवायची, गोळीची भुकटी राहते. मुलांनी एकही गोळी शिल्लक असलेलं पाकीट उघडायचं नाही, ते मोठ्यांनी बघायचं. कोपरे कापून गोल करायचे, बोचतात. आणि काय घ्यायचं नाही तेही सांगतो. जुने सीएफएल दिवे अजिबात नकोत, आत पारा असतो. फुटले तर खिडक्या उघडायच्या आणि मुलांना खोलीबाहेर काढायचं. जुने काचेचे बल्ब नकोत. पेन्सिल सेल नकोत. पत्र्याचे डबे मुलांकडून कापून घ्यायचे नाहीत. वेफर्सची पाकिटं बल्बला टेकू द्यायची नाहीत. बांगडीची काच लहानांच्या हाती द्यायची नाही.

मावशी: आणि चमकी?

भाचा: चमकी म्हणजे प्लॅस्टिकचाच भुगा, वर धातूचा मुलामा. झाडली की केरात, हात धुतले की नाल्यात, तिथून नदीत. युरोपनं २०२३ साली सुट्या प्लॅस्टिकच्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. आपल्याकडे २०१८ ला थर्माकोल बंद झाला तेव्हा लोक म्हणाले, आता गणपतीला मखर कशाचं करणार? केलीच की पुठ्ठ्याची, कापडाची, बांबूची. चमकीवाचूनही दिवाळी होईल.

मावशी: मी चमकी कधी वापरली नाही. आमच्या फरशीवर ती पुढच्या आषाढीपर्यंत सापडायची, झाडणाऱ्या मावशी मला शिव्या घालायच्या. पण आता तूच एवढी सामग्री सांगितलीस, तर मग तू विरुद्ध बाजूला आहेस कुठे?

भाचा: प्रदर्शनाच्या बाजूला मी नाही. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत स्पर्धा होती. पहिला आला तो कंदील एका आर्किटेक्ट बाबांचा, दुसरा एका आईचा, तिसरा युट्यूब बघून आजोबांचा. मुलं खाली क्रिकेट खेळत होती. बक्षीस घ्यायला तेवढी आली. एका मुलीनं खरंच स्वतः केला होता, वाकडा, एका बाजूला कललेला, पत्रिकेतला गणपती उलटा चिकटलेला. तिला उत्तेजनार्थसुद्धा दिलं नाही. परीक्षक म्हणाले, फिनिशिंग नाही. दुसरी-तिसरीतल्या पोराच्या हाताला फिनिशिंग असतं का, मावशी?

मावशी: नसतं. असलं तर ते त्याचं नसतं. मी गुण देताना आधी मागून बघायचे. पुढून सगळं ठाकठीक असतं, मागे खळीचे डाग, चुकून दोनदा कापलेलं, बोटांचे ठसे असले की कळायचं, हे पोराचं. मागूनही स्वच्छ असलं की मी विचारायचे, बाळ, गाठ मारून दाखव. बिचारं रडवेलं व्हायचं. मग मी ते बंद केलं आणि कंदील शाळेतच करायला लावायला लागले, दोन तास जोडून. घरून काही करून आणायचं नाही. मुख्याध्यापक कुरकुरले, कारण प्रदर्शन बघायला येणाऱ्यांना ते आवडलं नाही. दिसायला खरंच गबाळं दिसायचं.

भाचा: हे जर सगळ्या शाळा करतील तर मी माझ्या शेडवरून पोतं भरून सामान देईन. फुकट. धुऊन.

मावशी: बघ हं, साक्षीदार आहेत.

साक्षीदार म्हणजे मी, आणि माझा मुलगा, जो तोपर्यंत खळीनं कोपरापर्यंत बरबटला होता.

एक विषय मात्र असा निघाला की दोघांचं लगेच जमलं, तो म्हणजे किल्ला. दिवाळीचा मातीचा किल्ला. त्याला कुणी पर्यावरणाचा प्रकल्प म्हणत नाही आणि त्याची यादीही निघत नाही. बांधकामावरून आणलेल्या विटा, दगडगोटे, फाटकं गोणपाट, त्यावर लाल मातीचा गिलावा, उतारावर हळीव पेरायचं. हळीव दोन-तीन दिवसांत कोंब धरतं, नरकचतुर्दशीपर्यंत गड हिरवा. बुरुजाला पावडरचा डबा, तळ्याला फुटक्या आरशाचा तुकडा, भुयाराला नळाचा जुना पाइप. महाराज आणि मावळे तेवढे कुंभाराकडचे, ते दरवर्षी जपून ठेवायचे. मोठी माणसं त्यात पडत नाहीत, कारण माती असते आणि कपडे खराब होतात. भाच्याचं म्हणणं, महाराष्ट्रातल्या मुलांचं याहून चांगलं हस्तकाम नाही, आणि दिवाळी सरली की त्याच्या शेडवर त्यातलं काहीही येत नाही. दगड बागेत, माती कुंडीत, डबा परत मोरीत. वसईकडे नाताळात मुलं येशूच्या जन्माचा गोठा करतात तोही याच जातीचा: पेंढा, गवत, जुनी पोती, माती. गोव्यातल्या नरकासुराचं मात्र तो नाव काढू देईना. गवत आणि रद्दीचा असुर पहाटे जाळला तरी आतला लोखंडी सांगाडा आणि तारा रस्त्याच्या कडेला पडून राहतात, म्हणे. आई म्हणाली, असुर आहे, इतकं तरी करणारच.

शाळेत शेवटी काय दिलं, हे वाचकांनी विचारायच्या आत सांगते. यादीतलं काही आणलं नाही. सुरळ्यांचा कंदील गेला. त्याला चमकी नव्हती, गोळ्यांच्या पाकिटांच्या झिरमिळ्या होत्या आणि एक त्रिकोण चुकून चौकोनाच्या रंगाचा झाला होता. माझा हात तो बदलायला शिवशिवत होता. आईनं मला चकल्यांकडे पिटाळलं. बक्षीस मिळालं नाही. 'साहित्य सूचनेप्रमाणे नाही' असा शेरा मिळाला.

मला विचाराल तर कचऱ्याच्या हिशेबात भाऊ बरोबर आहे आणि मुलांच्या बाबतीत आई. दोन्ही एकाच वेळी पाळता येतं, त्यासाठी फार काही लागत नाही. रद्दीवाला घेईल ते त्याला द्यावं, तो घेत नाही त्यातून मुलांना करू द्यावं. चिकटवण्याऐवजी शक्य तिथे बांधावं, म्हणजे उतरवताना सुटं करता येतं. त्रिपुरी पौर्णिमेला कंदील उतरला की बल्ब आणि वायर काढून डब्यात, धडक्या कामट्या-सुरळ्या माळ्यावर, गोळ्यांची पाकिटं पुढच्या वर्षीसाठी पिशवीत. उरलेला कागद कोरडा असेल तर तोही रद्दीत जातो.

शिक्षकांना आणि शाळांना मात्र एक विनंती आहे. पुढच्या वर्षी चिठ्ठी पाठवाल तेव्हा यादी देऊ नका, बक्षीस ठेवू नका, आणि कंदील घरून मागवू नका. दोन तास जोडून द्या आणि मुलांना वर्गात बसून करू द्या. सामानाचं पोतं लागलं तर माझा भाऊ द्यायला तयार आहे.